आवरणाखालचा गंज



गेल्या महिन्यात सांगलीहून या सदराच्या एका वाचकांचे पत्र आले. त्यांचा हळद आणि गुळाचा व्यापार आहे आणि माल पोचविण्यासाठी दोन पिकअप गाड्या आहेत. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला असतात. तिकडे गेले असताना शेजाऱ्याच्या पिकअपच्या हौद्यात त्यांना काळे, खरबरीत, जाड चामड्यासारखे दिसणारे एक अस्तर आढळले. त्यावरून लोखंडी सामान ओढले तरी ओरखडा उठत नव्हता. परत आल्यावर चौकशी केली, तेव्हा आपल्याकडेही एक कारागीर तसा लेप फवारून देतो असे त्यांना समजले. त्यांच्या एका गाडीच्या हौद्याला थोडा गंज धरला आहे. कारागिराचे म्हणणे असे की, त्याची काळजी नको, लेपाखाली सगळे झाकले जाईल. तर हा खर्च करावा की नाही, अशी त्यांची पृच्छा आहे.

"झाकले जाईल" या दोन शब्दांतच या विषयाचे मर्म दडलेले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारात मालवाहू गाडी उभी असते, म्हणून हे उत्तर खासगी पत्राने न धाडता सदरातूनच देत आहे.

पिकअप ही मुळात अमेरिकन शेतकऱ्याची आणि कारागिराची गाडी. प्रारंभी तेथील लोक मोटारीच्या मागच्या भागावर स्वतःच पेटी बसवून घेत. १९२५ साली फोर्ड कंपनीने कारखान्यातच हौदा बसविलेली गाडी विक्रीस आणली. पुढेही कित्येक वर्षे अनेक गाड्यांच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे. फळी झिजली की ती बदलता येई. कालांतराने तळही पोलादी पत्र्याचा झाला. त्यामुळे मजबुती आली, पण तिच्यामागोमाग गंजही आला. पत्र्याचे रक्षण करणाऱ्या रंगाच्या थराची जाडी असते जेमतेम एक दशांश मिलिमीटर. फावड्याचे टोक किंवा पेटीचा कोपरा घासला की पोलाद उघडे पडते. त्यातून अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी उघड्या पोलादाचा घास घ्यायला टपलेलेच असते.

यावर आधी उपाय निघाला तो प्लास्टिकच्या साचेबंद अस्तराचा. हौद्याच्या आकाराचे पॉलिएथिलीनचे जणू एक मोठे ताटच तयार मिळू लागले. ते आणायचे आणि आत बसवायचे. दिसायला ते नीटनेटके होते, परंतु ताट आणि पत्रा यांच्यामध्ये फट राहत असे. त्या फटीत पाणी आणि माती शिरे. गाडी हादरली की ताट पत्र्यावर घासे आणि रंग उडे. वरून सारे नवेकोरे दिसायचे, पण काही वर्षांनी ताट उचलून पाहावे तर खाली पत्र्याची चाळण झालेली असायची.

दुखणे फटीत होते. ती फटच राहू नये, या विचारातून अस्तर थेट पत्र्यावर फवारण्याची पद्धत पुढे आली आणि १९९० च्या दशकात अशी कामे करणारी दुकाने अमेरिकेत गावोगावी दिसू लागली.

या अस्तराची द्रव्ये दोन जातींची असतात. एक पॉलियुरेथेन. ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे १९३७ साली याचा शोध लावला. आपल्या गादीतील फोम, पादत्राणांचे तळवे, फ्रिजच्या भिंतींतील भरण ही सारी त्याचीच भावंडे. दुसरी जात पॉलियुरिया. फवारणीचे पॉलियुरिया १९८० च्या दशकात टेक्सासमधील ऑस्टिन येथे टेक्साको कंपनीच्या रसायन विभागात विकसित झाले. पुष्कळदा दोहोंचे मिश्रणही वापरतात.

काम कसे चालते ते पाहू. घरी दोन नळ्यांतली द्रव्ये काडीने कालवून आपण तुटलेली वस्तू चिकटवतो. येथे रसायने वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. एका पिंपात आयसोसायनेट, दुसऱ्यात त्याच्याशी संयोग पावणारे राळेसारखे मिश्रण. यंत्र दोन्ही द्रव्ये साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवते आणि प्रत्येक चौरस इंचावर दोन हजार पौंड किंवा त्याहून अधिक दाबाने बंदुकीकडे ढकलते. ट्रकच्या चाकातील हवेच्या सुमारे वीसपट हा दाब झाला. दोन्ही धारा बंदुकीच्या तोंडाशीच एकमेकींवर आदळून मिसळतात. पत्र्यावर पडताच काही सेकंदांत द्रव्य थिजते. त्यामुळे ते उभ्या भिंतीवरूनही ओघळत नाही. कोपरे, घड्या, सांधे सारे एकसंध झाकले जातात. तळावरचा थर साधारण ३ मिलिमीटरचा, म्हणजे रंगाच्या तीसपट होतो. शेवटचा हात थोड्या अंतरावरून मारला की पृष्ठभाग दाणेदार होतो आणि माल घसरत नाही.

हे पाहताना मन प्रसन्न होते आणि फसगतीचे बीजही येथेच पडते. कारण पाहण्याजोगा भाग तेवढाच आपल्याला दिसतो. जाणत्या दुकानात फवारणीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ आधीच्या तयारीला लागतो. फाळका आणि कड्या उतरवायच्या, सांध्यांतली माती काढायची, तेलकटपणा पुसायचा, जाड्याभरड्या कागदाने किंवा वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग खरवडायचा, गंज शुद्ध धातूपर्यंत काढायचा, पत्रा पूर्ण कोरडा करायचा आणि गरजेनुसार प्रायमर द्यायचा. मगच बंदूक हाती घ्यायची.

हे न केल्यास काय होते? लेप गंजाला घट्ट चिकटतो, पण गंज लोखंडाला चिकटलेला नसतो. शिवाय गंज म्हणजे लोखंडाचा निव्वळ डाग नव्हे. त्याला मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. सांध्यातून किंवा खालच्या बाजूने ओल पोचत राहिली की तो फुगतो, लेपाला आतून उचलतो, आणि एके दिवशी ते महागडे अस्तर पापुद्र्यासारखे हाती येते. त्याहून वाईट म्हणजे, उघडा गंज मालकाला दिसतो आणि सावध करतो. झाकलेला गंज चुपचाप पत्रा खात राहतो. प्लास्टिकच्या ताटाखाली जे घडत होते तेच पुन्हा घडते, फक्त पैसे अधिक जातात.

या द्रव्याची ताकद मात्र अस्सल आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन हवाई दलाच्या संशोधकांनी फ्लोरिडातील टिंडल तळावर भिंतींच्या आतल्या बाजूला असे लेप फवारून स्फोटांच्या चाचण्या घेतल्या. बॉम्बस्फोटात अनेकदा माणसे दगावतात ती उडणाऱ्या तुकड्यांनी. लेप दिलेली भिंत वाकली, तडकली, तरी तिचे तुकडे गोणीत बांधल्यासारखे एकत्र राहिले. पेंटॅगॉनच्या भिंतींनाही पुढे असे संरक्षण देण्यात आले. शांततेच्या कामांत गच्ची, पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याचे हौद, पुलांचे पृष्ठभाग यांना पॉलियुरियाचा लेप देतात. आपल्याकडे हे नाव अनेकांनी प्रथम ऐकले असेल ते गच्चीच्या गळतीच्या निमित्ताने. तेथेही न्याय तोच. ओल्या, भुसभुशीत गिलाव्यावर मारलेला लेप फुगतो. पॉलियुरियाची अभिक्रिया फार वेगवान असल्याने हवेतील दमट तिला फारशी बाधत नाही, पण ओल्या पृष्ठभागावर पकड मिळत नाही ती नाहीच.

आता एका गंभीर बाबीकडे वळतो. आयसोसायनेट हा शब्द आपण भारतीयांनी डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमुळे ऐकला. हौद्याच्या लेपात वापरतात ते रसायन त्या वायूचे सख्खे भावंड नव्हे, दूरचा नातलग आहे. भोपाळचे द्रव्य सहज वायुरूप होणारे होते, तर हे सामान्य तापमानाला फारसे उडत नाही. परंतु तापवून, प्रचंड दाबाने फवारले की त्याचे सूक्ष्म तुषार हवेत तरंगतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. तेथे ते दमा जडवू शकतात. एकदा शरीराने या द्रव्याशी वैर धरले की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणण्यास पुरेशी होते. त्रास पुष्कळदा काम संपल्यावर काही तासांनी, रात्री सुरू होतो. त्यामुळे त्याचे कारण ना कामगाराच्या ध्यानी येते, ना घरच्यांच्या. वासावरून धोका ओळखावा म्हटले, तर तेही भरवशाचे नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २००६ साली हौद्याचे अस्तर फवारणाऱ्यांसाठी स्वतंत्र इशारापत्रकच काढले. त्या आधी मिशिगन राज्यात हेच काम करणारा एक कामगार दम्याच्या झटक्याने मृत्युमुखी पडला होता. जेथे नियमांची दक्षता अधिक आहे तेथे हे घडले. आपल्याकडे बंद शेडमध्ये, तोंडाला रुमाल गुंडाळून, शेजारी हाताखालचा पोरगा उभा करून हेच काम झाले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. या कामाला बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, पूर्ण अंग झाकणारे कपडे, योग्य हातमोजे आणि हवा बाहेर खेचणारी बंदिस्त खोली लागते. द्रव्याचा त्वचेशी संपर्कही टाळावा लागतो. लेप पूर्ण थिजल्यावर गाडी वापरण्यात असा धोका राहत नाही. धोका फवारणीच्या वेळचा आहे, आणि तो पैसे देणाऱ्याच्या नव्हे, तर काम करणाऱ्याच्या वाट्याला येतो.

आता पत्रलेखक बंधूंच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या दोन गाड्यांपैकी जिचा पत्रा निर्मळ आहे, तिला हा लेप अवश्य द्यावा. खताची पोती, मीठ, ओला भाजीपाला वाहणाऱ्यांना तर त्याचा लाभ अधिकच, कारण खत आणि मीठ हवेतील ओल शोषून घेतात आणि पत्र्यावर गंज चढवतात. गंजलेली गाडी मात्र आधी पत्राकामाच्या कारागिराकडे न्यावी. गंज काढून घ्यावा, सडलेला भाग कापून नवा जोडावा, आणि मगच लेपाचा विचार करावा. वेल्डिंग उरकायचे ते लेपाआधीच. लेप दिलेल्या पत्र्यावर तसेच वेल्डिंग केले तर जळणाऱ्या लेपातून विषारी धूर निघतो. पाणी निघून जाण्याची तळातील भोके बुजू देऊ नयेत. काळा रंग उन्हाने फिका पडतो, पांढुरका होतो, याने घाबरू नये. तशी हौस असल्यास वर ऊन सोसणारा थर मिळतो.

व्यापाऱ्याला उपयोगी पडेल असा एक सोपा हिशेब सांगतो. एक चौरस मीटरवर ३ मिलिमीटर थर म्हणजे बरोबर ३ लिटर द्रव्य. हौद्याचा तळ ४ चौरस मीटर असेल तर नुसत्या तळाला १२ लिटर लागणार, बाजूच्या भिंतींचे वेगळे. चार लिटरच्या डब्यात अख्खा हौदा उरकून देणारा माणूस अस्तर देत नसून रंग देत आहे, हे ओळखावे. डब्यातून ब्रशने लावायचे पातळ लेपही बाजारात असतात. छोट्या गाडीला, हलक्या मालाला ते पुरतील, पण त्यांची किंमत आणि अपेक्षा त्याच मापाची असावी.

सौदा करण्यापूर्वी कारागिराला दोन प्रश्न विचारावेत. लेपाआधी पत्र्याचे काय करणार? आणि फवारताना श्वास कोठून घेणार? पहिल्या प्रश्नावर जो म्हणेल की सगळे झाकले जाईल, आणि दुसऱ्यावर खांद्यावरचा रुमाल दाखवेल, त्याचा दर कितीही कमी असला तरी तेथून परत फिरावे. त्या स्वस्ताईतला एक भाग आपल्या पत्र्याने भरायचा असतो आणि दुसरा त्याच्या फुप्फुसांनी. नीट साधने बाळगणारा कारागीर दोन पैसे अधिक मागेल. ते त्याला आनंदाने द्यावेत, घासाघीस करू नये.

आपल्या गाडीच्या हौद्यात एकदा सारा माल उतरवून, पाण्याने धुऊन, उन्हात डोकावून पाहावे, एवढी विनंती सर्वच वाचकांना आहे. तेथे काय आढळले ते कळवल्यास पुढील अंकी त्याचा परामर्श घेऊ.