पाणी प्या म्हणता, पण जायचं कुठे?

स्वारगेटला एक मावशी पाण्याच्या बाटल्या विकतात. सातारा-कोल्हापूरकडच्या पहाटेच्या गाड्या भरायला लागतात तेव्हा त्या येतात आणि दुपारी तीन-चारला घरी जातात. टपात बर्फ, बर्फात बाटल्या, शेजारी चिक्कीची टोपली. वय पन्नाशीच्या पुढचं. आमच्या वस्तीतल्या आरोग्य तपासणीत त्यांचं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेता ना?" मावशी म्हणाल्या, "सोमवारी घेते." डॉक्टर चिडले. "हा काय सोमवारचा उपास आहे? तुम्ही बायका फार निष्काळजी!" मावशी काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ताई, त्या गोळीनं घडीघडीला लघवीला जावं लागतं. धंद्यावर बसून ते कसं जमायचं? टोपली कुणाच्या भरवशावर सोडू? दर खेपेला पैसे दिले तर मागं काय राहील? सोमवारी मी बसत नाही, म्हणून सोमवारी घेते. बाकीचे दिवस पाणीच पीत नाही. सकाळचा चहा, तेवढाच."

दिवसभर दुसऱ्यांना पाणी विकणारी बाई स्वतः पाणी पीत नाही. आणि आपण तिला निष्काळजी म्हणतो! मला तर वाटतं, मावशींइतका बारीक हिशोब फार थोडी माणसं करत असतील. फक्त त्या हिशोबात खर्ची पडतं ते त्यांचं शरीर.

या शरीराचं नेमकं काय होतं, हे आपल्याला कुणी धड सांगितलेलं नसतं. म्हणून आमच्या बैठकांमध्ये मी आता मूत्रपिंडापासूनच सुरुवात करते. मूत्रपिंड म्हटलं की बायका गप्प बसतात. पण बकऱ्याचा गुर्दा म्हटलं की लगेच चेहरे खुलतात, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. आपलेही तसेच दोन असतात, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचे, साधारण मुठीएवढे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला. उजवीकडे वर यकृत असल्यामुळे उजवं मूत्रपिंड जरा खाली असतं. एकेकाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो.

पुस्तकांत मूत्रपिंडाला गाळणी म्हणतात. मला ती उपमा अपुरी वाटते. आपण दिवाळीच्या आधी घर काढतो, तेव्हा काय करतो? फळीवरचं सगळं खाली काढतो, आणि मग लागतं तेवढं पुसून परत वर ठेवतो. मूत्रपिंड हेच करतं. प्रत्येकात सुमारे 10 लाख बारीक नळ्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नळीच्या तोंडाशी रक्तवाहिन्यांचा एक इवलासा गुंता असतो. तिथे रक्तातलं पाणी, मीठ, साखर आणि टाकाऊ द्रव्यं गाळली जातात. रक्तपेशी आणि प्रथिनं मात्र रक्तातच राहतात. दिवसाला असं सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं. वस्तीत पाणी साठवायचं निळं पिंप असतं ना, दोनशे लिटरचं? ते जवळजवळ भरेल एवढं! त्यातलं 99 टक्के पाणी, सगळी साखर आणि गरजेपुरते क्षार शरीर पुन्हा आत घेतं. उरतं ते दीड-दोन लिटर. तीच आपली लघवी. म्हणजे लघवी ही काही घाणेरडी, लाजिरवाणी गोष्ट नाही. रात्रंदिवस चाललेल्या निवडण्या-टिपण्यातून उरलेला तो कोंडा आहे.

शिवाय ब्लडप्रेशर सांभाळणं, रक्त तयार करायचा संदेश हाडांतल्या मगजाला देणं, ड जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल असं करणं, हीसुद्धा मूत्रपिंडाचीच कामं. म्हणून मावशींची गोष्ट गंभीर आहे. वाढलेल्या ब्लडप्रेशरने मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि मूत्रपिंड बिघडलं की ब्लडप्रेशर आणखी वाढतं. हे दुखणं बोलतही नाही. बराच भाग निकामी होईपर्यंत बाईला काही जाणवत नाही. त्यात उपाशीपोटी, पाणी न पिता अंगदुखीच्या गोळ्या घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्या गोळ्यांचा भारही मूत्रपिंडावरच पडतो.

पुढचा रस्ता सोपा आहे. प्रत्येक मूत्रपिंडातून वीतभराहून थोडी लांब एक नळी खाली येते आणि लघवी मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत आणते. पिशवीत पेलाभर साठलं की जाणीव होते. चारशे-पाचशे मिलिलिटरला ती तटतटते. तिच्या तोंडाशी दोन झडपा असतात. आतली आपोआप चालते, बाहेरची आपल्या ताब्यात. या बाहेरच्या झडपेवर आपण बायका आयुष्यभर किती जुलूम करतो!

पिशवीपासून बाहेरपर्यंतची वाट पुरुषांत वीसएक सेंटिमीटर लांब असते, बायकांत जेमतेम चार. शौचाच्या जागेचे जंतू तिथून वर चढायला फारसा वेळ लागत नाही. वेळच्या वेळी लघवी झाली की ते धुऊन निघतात. पाणीच प्यायलं नाही आणि आहे ते तासन्‌तास धरून ठेवलं, की त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. मग आपण म्हणतो, उन्हाळी लागली. धण्याचं पाणी पितो आणि कुणाला सांगत नाही. एम. एस. डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला, दिवसभर वस्तीत फिरायचं क्षेत्रकार्य चालू असताना, मलाही असंच झालं होतं. सकाळी पाणी न पिता निघायचं, ते थेट संध्याकाळी खोलीवर येऊन प्यायचं. चार दिवस जळजळ सोसली. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरकडे गेले. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. आरोग्याच्या हक्कावर निबंध लिहिणारी मी! पण 'मला लघवीला जायचंय' एवढं वाक्य वर्गातल्या मुलांसमोर माझ्या तोंडून निघत नव्हतं.

उगाच भीती घालायची नाही. एखाद्या दिवशी धरून ठेवलं म्हणून कुणाचं मूत्रपिंड निकामी होत नाही. पण रोजची तहान मारणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यातून वारंवार जंतुसंसर्ग होतो, मुतखडे होतात. गरोदरपणात हाच संसर्ग वर चढला तर दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याची भीती असते.

मग आपण बायकांना सांगतो, "भरपूर पाणी प्या." पोस्टरवर लिहितो, शिबिरात सांगतो. मीही कितीदा सांगितलंय. मावशींनंतर मात्र ते वाक्य माझ्या घशात अडकतं. जायला जागा नसलेल्या बाईला पाणी प्यायला सांगणं म्हणजे तिचीच थट्टा आहे.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. 2011 मध्ये मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे का, असा साधा प्रश्न तिथल्या कार्यकर्त्यांनी महापालिकेला विचारला. लोक आधी हसले. आपल्या पुण्यातल्या 'मिळून साऱ्याजणी'ने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला, आणि डिसेंबर 2015 मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना बजावलं की रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देणं ही तुमची जबाबदारी आहे, त्यासाठी समित्या नेमा, योजना करा. 15 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानेही, न्यायालयांच्या आवारातल्या स्वच्छतागृहांबद्दल निकाल देताना, ही सोय घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानली. कागदावर आपण जिंकलो आहोत.

पण कागद आणि मावशींची टोपली यांच्यात अजून बरंच अंतर आहे. 17 मार्च 2023 पासून एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. ते चांगलंच झालं, बायका बाहेर पडल्या. पण तिकीट अर्धं झालं म्हणून लघवीची पिशवी दुप्पट होत नाही! आणि नुसतं बांधकाम पुरत नाही. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे स्वारगेटच्याच आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर अंधारात दहा पावलं एकटीने जायचं म्हटलं तरी बायकांच्या पोटात गोळा येतो. दिवा, आतून लागणारी कडी, पाणी, पॅड टाकायला डबा आणि दाराशी पगारी बाई, एवढं असेल तरच ती जागा बायकांची. आणि लघवीसाठी पैसे नकोत, कुठेच नकोत.

हे सगळं सरकारकडे मागायचंच. पण मैत्रिणींनो, एक मागणं तुमच्याकडेही आहे. आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायका घरकाम करतात. स्वारगेटहून बस धरून सहकारनगर, मुकुंदनगर, बिबवेवाडीला जातात. चार-पाच घरं होईपर्यंत सहा-सात तास जातात. बैठकीत मी विचारलं, "मधे लघवीला कुठे जाता?" आधी कुणीच बोलेना. मग एक जण म्हणाली, "ताई, त्यांचा संडास मी घासते, पण मी त्यात जायचं नाही, असं आहे." बाकीच्या नुसत्या माना हलवत होत्या.

त्या घरांमध्ये आपल्यासारख्याच बायका राहतात. कदाचित हे मासिकही त्यातल्या काही घरांमध्ये येत असेल. न्यायालयात जाऊन मिळवलेला हक्क आपल्याच मोरीच्या दाराशी अडत असेल, तर आपण कोणत्या तोंडाने महापालिकेला जाब विचारणार?

उद्या सकाळी मावशी कामाला आल्या की त्यांना आधी पेलाभर पाणी द्या. आणि लगेच सांगा, "बाथरूम इकडे आहे, कधीही जात जा." दोन्ही सांगायला हवं. नुसतं पाणी देऊन भागणार नाही.

स्वारगेटच्या मावशींचं म्हणाल, तर डॉक्टरांशी पुन्हा बोललो. या वेळी मी सोबत होते आणि 'लघवी' हा शब्द मोठ्याने उच्चारला. डॉक्टर क्षणभर थांबले, म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलं?" त्यांनी गोळी बदलून दिली. मावशी हळूच म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठं?"