मार्थेची बाजू
येशू घरी आला तेव्हा मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था पाहुणचाराच्या धावपळीत अडकली. लूकच्या शुभवर्तमानातल्या या प्रसंगात शाबासकी मरियेला मिळते, म्हणून प्रवचनांत मार्थेला कमी लेखलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. भाऊ गेल्याच्या दुःखातही येशू हाच ख्रिस्त असं ठामपणे सांगणारी मार्थाच होती, आणि पुढे मेजवानीत वाढायलाही तीच होती, असं योहान लिहितो. बंगळुरूत गुड शेफर्ड संघाच्या सिस्टरांनी १८८६ साली रुग्णालय उघडलं आणि त्याला नाव दिलं ते तिचंच, सेंट मार्थाज. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ही भक्ती नाही असं कोण म्हणेल? आपल्या केडगावात पंडिता रमाबाईंनीही मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेच्या जोडीला शेत आणि छापखाना चालवला. त्यांचं मराठी बायबल तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. तेव्हा या रविवारी उपासना आटोपली की थेट घरी जाऊ नका. गल्लीत कुणी अंथरुणावर असेल, तर त्याची चादर बदलून या.