विश्रांती हा लाड नव्हे

‘नव्या वैमानिकांना गलेलठ्ठ पगार, वर विश्रांतीचे लाड’ हे पत्र वाचले. पगाराआधीचा खर्च पत्रलेखकाने धरलेलाच नाही. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण, पुढे ठरावीक विमानाचे प्रशिक्षण. यासाठी अनेक घरांना लाखोंचे कर्ज काढावे लागते. विमान कंपनी बंद पडली तरी हप्ते थांबत नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली नांदेड-हैदराबाद सेवा सुरू करणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली, हे आपण पाहिलेच. राहिला विश्रांतीचा मुद्दा. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली ती प्रवाशांच्याच सुरक्षेसाठी. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे रद्द झाली, त्याचे खापर या नियमावर फोडू नये. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाला होता. वैमानिक वाढवायला कंपनीच्या हाती पुरेसा वेळ होता.

– एक वाचक, पेडगाव (जि. परभणी)