कुंडी परत आणून काय होणार?

'बोळातली कचराकुंडी परत आणा' हे पत्र वाचले. पत्रलेखकाचा त्रास खरा आहे, उपाय मात्र पटत नाही. आमच्या पेठेतल्या बोळात कुंडी होती तेव्हाही कचरा तिच्याभोवतीच पडायचा. आताच्या ढिगात तळाशी फुटक्या फरश्या, सिमेंटची रिकामी पोती, जुना कमोड दिसतो. घरातल्या पिशव्या त्यावर नंतर येऊन पडतात. सुरुवात राडारोड्यापासून होते! केंद्रीय नियमांनुसार तो ज्याचा त्याने आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा असतो. म्हणून रात्री टेम्पो रिकामा करणाऱ्याबरोबर घराचे काम काढणाऱ्या मालकालाही दंड करा. आणि 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंची एक फेरी संध्याकाळी ठेवा, अर्थात जादा मेहनतान्यासह. पहाटेच कामावर जाणाऱ्यांनी ओला-सुका कचरा द्यायचा तरी कुणाकडे?

– एक वाचक, पुणे