अलाइनमेंट करून घ्या, म्हणे!

पुण्यात गाडीला काहीही झालं तरी पहिला सल्ला ठरलेला असतो. गाडी डावीकडे ओढते? अलाइनमेंट कर. स्टिअरिंग थरथरतं? अलाइनमेंट कर. पुढून खडखड येते? "अरे अलाइनमेंट-बॅलन्सिंग दोन्ही करून टाक ना, असे किती पैसे लागतात!" ताप आला की क्रोसिन, तसंच. आणि तेवढ्याने भागलं नाही की एकदम मोठं ऑपरेशन : "चारही शॉकअप गेलेत साहेब, बदलायला लागतील."

माझं स्पष्ट मत असं, की लाखाच्या पुढे पळालेल्या गाडीत अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करायची असते. आणि शॉकअप बऱ्याचदा बदलले जातात ते खराब असतात म्हणून नाही, तर गाडीखाली कोणी नीट डोकावलेलं नसतं म्हणून.

उदाहरण घरचंच देतो. बाबांची जुनी हॅचबॅक, पंधरा वर्षं उलटलेली, रि-पासिंग झालेली, काट्यावर १ लाख ६० हजार. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वयात हे दुखणं सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना होतं.) सरळ रस्त्यावर गुणी. पण जोरात ब्रेक मारला की नाक डावीकडे वळायचं. ताम्हिणी उतरताना, पावसात, डाव्या हाताला दरी आणि समोरून एसटी येत असताना हा प्रकार अजिबात गमतीचा नसतो. वर्षभरात तीन वेळा अलाइनमेंट झाली, तिन्ही वेळा प्रिंटआउटवर सगळे आकडे हिरवे. मग एका गॅरेजने चार शॉकअप आणि माउंटिंग मिळून अठरा हजारांचा आकडा सांगितला.

आता त्या हिरव्या आकड्यांचं बघू. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅक्फर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅक्फर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४०च्या दशकात ही रचना आणली. स्वस्त, सुटसुटीत, कमी जागेत बसणारी, म्हणून आजतागायत टिकून आहे. यात चाकाला खालून एक लोअर आर्म धरून ठेवतो. आर्म बाहेरच्या बाजूला बॉल जॉइंटने चाकाला जोडलेला आणि आतल्या बाजूला दोन रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला. ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं, आणि तो सगळा जोर या बुशांवर, त्यातही मागच्या मोठ्या बुशावर येतो. ते रबर फाटलं असेल तर ब्रेक लागताक्षणी चाक काही मिलिमीटर मागे सरकतं. सरकताना त्याचा कोन, म्हणजे टो, बदलतो. डावं सरकलं आणि उजवं जागेवर राहिलं, की गाडी ओढणारच.

पण अलाइनमेंटचं मशीन मोजतं उभी गाडी! ब्रेकचा जोर नाही, रस्त्याचा धक्का नाही, फाटलेलं रबर आपल्या जागी शहाण्यासारखं बसलेलं. आकडे हिरवे येणारच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. टेस्टर बोंबलत येतो आणि डेव्हलपर शांतपणे सांगतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" :-) लोड आल्यावरच दिसणारा बग लोड न देता कसा सापडणार?

तो सापडला पिरंगुटच्या पुढच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या काकांनी आधी गाडी चालवायला घेतलीच नाही. मला आत बसवलं आणि म्हणाले, "थोडी पुढं घ्या, ब्रेक मारा. आता रिव्हर्स, ब्रेक मारा." स्वतः खाली वाकून चाकाकडे बघत होते. पुढे एकदा टक, मागे एकदा टक. मग गाडी वर घेतली, लोअर आर्म आणि सांगाडा यांच्या फटीत टॉमी घालून दाब दिला, आणि डाव्या बुशाच्या रबराने चक्क तोंड उघडलं. "शॉकअप ठणठणीत हायेत दादा. हे बघा तुमचं दुखणं." दोन्ही बाजूंची बुशं मिळून मजुरीसकट दोन हजारांच्या आत काम झालं. अलाइनमेंट त्यानंतर केली, आणि तेव्हा ती खरंच गरजेची होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी फार थोड्या ठिकाणी होते. आर्मचे बोल्ट त्यांनी चाकं लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळले नाहीत. गाडी जमिनीवर उतरवली, वजन चाकांवर आलं, आणि मग पक्के आवळले. कारण हे रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यापासून ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. "बुश टाकलं पण सहा महिन्यांत गेलं, माल डुप्लिकेट होता" ही तक्रार ऐकली की मला आता मालाआधी आवळण्याचीच शंका येते.

मुद्दा इतकाच की आवाज 'येतो' एवढं सांगून उपयोग नाही, तो कधी येतो ते टिपायला हवं. हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टकटक असेल तर स्टॅबिलायझरची लिंक बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कुरकुर असेल तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरून पुढे शांत होत असेल तर बहुधा बॅलन्सिंग, पण फक्त ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर डिस्क. ब्रेक न मारताही एका बाजूला ओढत असेल तर हवा तपासून पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढ बाजू बदलते की नाही? बदलली तर टायरच दोषी, आणि बाकी सगळा खर्च वाचला. टायरवर बाजूला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं.

शॉकअप जातात, नाही असं नाही. तेल गळून ओला झालेला शॉकअप, किंवा टायरवर ठरावीक अंतराने पडलेले खोलगट चट्टे, ही खरी लक्षणं. बॉनेट दाबून 'किती हलते' बघणं ही परीक्षा फक्त पार मेलेला शॉकअप पकडते. (आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नका. स्टँड लावा. विटा म्हणजे स्टँड नव्हे.)

आमच्याकडे हे सगळं जरा जास्तच लवकर झिजतं. हिंजवडी, माण, घोटावडे, पिरंगुट हा रोजचा रस्ता बघा, डंपर आणि मिक्सर यांनी उखडलेला. त्यात गावोगावचे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, २५च्या वेगाने आरामात ओलांडता यावा म्हणून. आपल्याकडचा ब्रेकर म्हणजे डांबराची वरवंट्याएवढी वळकटी! पावसाळ्यात जॉइंटचं रबरी बूट फाटलं की चिखलपाणी आत जातं आणि पुढच्या पावसापर्यंत जॉइंट खल्लास. फियाट-अ‍ॅम्बेसिडरच्या जमान्यात ग्रीस भरून वेळ निभावून नेता यायची, आता जॉइंट सीलबंद असतात.

सगळा दोष गॅरेजवाल्यांचा आहे का? मला नाही वाटत. तासभर गाडीखाली पडून त्याने सांगितलं, "काही बदलायला नको," तर आपण त्याला काय देतो? "थँक्यू काका," आणि गाडी चालू. त्याची कमाई पार्ट आणि मजुरीवर, निदानावर शून्य. मग तो पार्टच विकणार. आणि हे करणारे आपण कोण, तर 'रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस' नावाखाली क्लायंटला महिना-महिना बिल लावणारे लोक! मी त्या काकांना तपासायचे वेगळे पाचशे दिले तेव्हा ते आधी घ्यायलाच तयार नव्हते. बदललेल्या बुशाचे पैसे त्यांनी सांगितले होते, बघायचे कसले पैसे, असं त्यांचं म्हणणं. अठरा हजारांच्या आकड्यापुढे मला पाचशे फार स्वस्त वाटले.

गाडी आता ब्रेकला सरळ थांबते. मागून मात्र एक बारीक कुईकुई सुरू झालीय, मागच्या सीटवर दोघं बसले की येते, रिकाम्या गाडीत नाही. बीमच्या बुशाचा संशय आहे. पुढच्या शनिवारी दोन जाडजूड मित्रांना मागे बसवून घोटावड्यापर्यंत चक्कर मारणार आहे.