कीर्तीचा मालक कोण?

‘खेळाडूला अमर कीर्ती लाभते, आणखी काय हवे?’ असा युक्तिवाद क्रीडाव्यवसायाचे समर्थक नेहमी करतात. ब्राझीलचा गारिंचा हे त्याला सडेतोड उत्तर आहे.

पाऊ ग्रांदे या गिरणीगावात जन्मलेला, कोवळ्या वयात कापडगिरणीत राबलेला हा वाकड्या पायांचा फुटबॉलपटू. १९५८ व १९६२ या दोन्ही विश्वविजयांत त्याचा सिंहाचा वाटा होता. दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शने टोचून त्याला मैदानात उतरविले गेले. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, तो विपन्नावस्थेत मरण पावला. दोष दारूचा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण गुडघा निकामी झाल्यावर त्याची जबाबदारी कोणी घेतली?

२०१४ च्या विश्वचषकासाठी राजधानी ब्राझिलियात जनतेचा अमाप पैसा ओतून नव्याने उभारलेल्या स्टेडियमला त्याचेच नाव आहे. आणि २०१७ मध्ये मात्र त्याच्या अस्थी दफनभूमीत कोठे आहेत, हे कोणालाच सांगता येईना!

कीर्ती हीदेखील श्रमातून निर्माण झालेली संपत्तीच होय. ती श्रमणाऱ्याच्या पदरी न पडता इतरांचे भांडवल बनते, तेव्हा तिला गौरव म्हणू नये. ते शोषणच होय. खेळाडूला मरणोत्तर नामफलक नकोत. हयातीत निवृत्तिवेतन आणि दुखापतीची भरपाई हवी. तो त्याचा हक्क आहे.