पावसाळा वगळून

कळवा मागे पडले की लोकल खाडीच्या पुलावर येते. चाकांचा आवाज बदलतो, दारात उभ्या असलेल्यांच्या तोंडावर खारट, कुबट वारा येतो आणि अर्ध्या मिनिटात ठाण्याचा फलाट दिसू लागतो. डोंबिवली-कल्याणचा नोकरदार हा पूल दिवसातून दोनदा ओलांडतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत वीस हजारांच्या आसपास वेळा. १८५४ साली रेल्वे ठाण्याहून कल्याणला आली तेव्हापासून हे चालू आहे. तरी 'आज खाली पाणी होते की चिखल?' असे विचारले तर दहांतले नऊ जण गप्प बसतील. मीही बसलो असतो. पण आमच्याच मजल्यावरची एक मुलगी एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी ठाणे खाडीचा चिखल डब्यात भरून घरी आणू लागली आणि माझी सुटका राहिली नाही.

तिच्या आईची पहिली तक्रार वासाची होती. दुसरी तक्रार, एवढे शिकून मुलगी चिखल गाळत बसते, ही. मुलीचे म्हणणे एकच होते, "काका, एकदा या तर खरे." एका रविवारी पहाटे मी गेलो. उधाणाचा दिवस होता, म्हणजे ओहोटीही तितकीच खोल. तिवरांच्या पलीकडे चिखल उघडा पडला होता आणि त्यात मी तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. एक चप्पल खाडीने ठेवून घेतली. ती मुलगी मात्र एका फळीवर पाय देत, ठरलेल्या जागी पोचून, ठरलेल्या खोलीपर्यंत नळी खुपसून चिखलाचा गोळा काढत होती. घरी आल्यावर तो बारीक जाळीच्या चाळणीतून धुवायचा, उरेल त्यावर गुलाबी रंग टाकायचा, म्हणजे सजीव तेवढे गुलाबी होतात, आणि मग भिंगाखाली एकेक किडा मोजायचा. दर महिन्याला हेच. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि चमकणारी यंत्रे येतात. इथे एक बादली, एक चाळणी आणि भरती-ओहोटीचे कोष्टक एवढाच संसार होता.

पण त्या चिखलात बसून मला जे दिसले ते मी विसरणार नाही. निवट्या! आगरी-कोळ्यांच्या घरात कालवणात पडणारी, आम्हा डोंबिवलीकरांना बाजारातसुद्धा धड ओळखू न येणारी ही मासळी चक्क चिखलावर फिरत होती. छातीचे पर टेकवत सरकायचे, मधूनच उडी मारायची, डोक्यावरचे बटबटीत डोळे फिरवायचे, आणि पाऊल वाजले की बिळात. हा मासाच आहे, कल्ले आहेत, पण ओल्या कातडीतूनही तो श्वास घेतो. मासा पाण्याबाहेर पडला की तडफडून मरतो हे आपण शाळेत शिकलो. निवटी ते शिकलेली नाही. पाण्यातले प्राणी जमिनीवर कसे आले असतील, या उत्क्रांतीच्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर निवटी देत नाही. आपल्या फार जुन्या पूर्वजांची वाट वेगळी होती. पण असे आयुष्य शक्य आहे, हे ती ठाणे स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर रोज दाखवते.

तर तिचा प्रकल्प 'एका वर्षाचा' होता. प्रत्यक्षात प्रवेश, विषय ठरणे, साहित्य मिळणे यांत ऑगस्ट संपला आणि एप्रिलात प्रबंध द्यायचा होता. म्हणजे सप्टेंबर ते मार्च. विद्यापीठाच्या वर्षात जून-जुलै नसतात, ते प्रवेशाचे आणि निकालांचे महिने. मी तिला म्हटले, "अगं, मग खाडीचा पावसाळा कुठे गेला?" ती हसली आणि म्हणाली, "काका, पावसाळा सगळ्यांनीच वगळलाय."

तिचे हे वाक्य मला तेव्हा विनोद वाटले होते. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की तो सरकारी नियम आहे. १९९४ साली केंद्र सरकारने मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन करण्याची अधिसूचना काढली. तीत 'जलद' अहवालाची सोय होती. वर्षभराची निरीक्षणे नकोत, एका ऋतूची पुरेत, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही. २००६ मध्ये नवी अधिसूचना आली, तरी एका ऋतूची, पावसाळा वगळून, ही पद्धत अनेक प्रकल्पांना पुढेही चालत राहिली. नियम करणाऱ्यांना मूर्ख म्हणण्याचे कारण नाही. हवेतली धूळ मोजायची तर पावसाळ्यात ती धुऊन जाते, आकडे उगाच चांगले येतात, आणि कारखानदाराला तेच हवे असते. तेव्हा धुळीपुरता नियम शहाणपणाचाच. पण धुळीसाठी केलेला नियम खाडीला, नदीला आणि रानाला लावला की काय होते?

ठाण्याच्या बाजूला खाडी अरुंद होत जाते. आठ महिने तिथे समुद्राचे खारे पाणी आत-बाहेर करते आणि त्यात आपले सांडपाणी मिसळते. पावसाळ्यात डोंगरांचे पाणी, गाळ, नाल्यांत वर्षभर साठलेले सगळे एकदम येते आणि खारटपणा झपाट्याने उतरतो. चिखलातल्या किड्यांच्या दृष्टीने हा दरवर्षीचा प्रलय आहे. जे तगतात ते तगतात, बाकीच्यांची जागा रिकामी होते आणि ऑक्टोबरात नवी वस्ती सुरू होते. जानेवारीत तिथे कोण राहते याचे उत्तर जुलैत कोण वाचले यात आहे. उल्हास नदीचे तेच. उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो आणि फोटो काढणाऱ्याला नदी दिसतच नाही. पुरात तो गालिचा वाहून जातो आणि नदी आपले खरे पात्र दाखवते. २६ जुलै २००५ रोजी ते कल्याण-बदलापूरकरांनी पाहिले. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, तेव्हा पुन्हा पाहिले. या नदीकाठचा नकाशा पावसाळा वगळून काढायचा म्हणजे वराला वगळून लग्नाची यादी करण्यासारखे आहे.

एका ऋतूवर निष्कर्ष काढले तर किती फसगत होते याचे फार सुंदर उदाहरण दूर पॅसिफिक महासागरात आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे संशोधक दांपत्य १९७३ साली गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर नावाच्या ओसाड बेटावर गेले आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे दरवर्षी जात राहिले. तिथल्या फिंच पक्ष्यांना कडी घालायची, चोच मोजायची, सोडून द्यायचे. १९७७ मध्ये दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या. उरल्या त्या टणक, काटेरी, आपल्या सराट्याच्याच कुळातल्या एका वेलीच्या. मोठ्या चोचीच्या पक्ष्यांना त्या फोडता आल्या, लहान चोचीचे बहुतेक मेले, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी झाली. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडली! एखाद्याने इथेच वही मिटून 'या पक्ष्यांच्या चोची मोठ्या होत आहेत' असे लिहिले असते. पण १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे बेटावर महिनोन्‌महिने पाऊस कोसळला. वेली माजल्या, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि नंतरच्या वर्षांत लहान चोचीच्या पक्ष्यांची सरशी झाली. पारडे उलटे फिरले. पाऊस वगळला असता तर ग्रँट पतीपत्नींनी जगाला अर्धसत्य सांगितले असते, आणि तेही आकड्यांनिशी.

आपल्याला गॅलापागोसला जायला नको. येऊरच्या डोंगरावर कारवी आहे. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळी मिळून, आणि तीही पावसाळ्यात. २००८, २०१६ आणि २०२४ अशी तिची गेली तीन वर्षे. सगळ्यांनी एकदम फुलून एवढे बी टाकायचे की खाणाऱ्यांनी खाऊनही उरावे, असा त्यामागचा हिशेब असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. २०१७ साली नोकरीला लागून २०२३ साली बदलून गेलेल्या वनाधिकाऱ्याने इथे कारवीचे एक फूलही पाहिले नसेल. त्याच्या अहवालात कारवी म्हणजे नुसते झुडूप.

आणि आपले लाडके फ्लेमिंगो? २०१५ साली त्यांच्या नावाने ठाणे खाडीत अभयारण्य झाले, २०२२ साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली, ऐरोलीला होडीत बसून फोटो काढायची सोय झाली. हे सारे चांगलेच आहे. पण हे पाहुणे हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि पाऊस पडायच्या सुमारास निघून जातात. कधी येतील, किती येतील हे कच्छच्या रणात पाऊस कसा झाला यावरही ठरते. शिवाय एक अवघड गोष्ट: लहान फ्लेमिंगो ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतात ते आपल्या सांडपाण्यावरच पोसते, असे अभ्यासक सांगतात. खाडी अगदी स्वच्छ केली तर हे पक्षी राहतील का? आहे तशी ठेवली तर निवटी आणि चिंबोऱ्या टिकतील का? एका हिवाळ्याच्या मोजणीतून याचे उत्तर निघणार नाही. वर्षानुवर्षे, बाराही महिने कुणीतरी मोजत राहावे लागते.

असे मोजणारे आपल्याकडे नाहीत असे नाही. चेंदणी बंदर रस्त्यावर, खाडीच्या अगदी काठावर, बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे. ठाणे खाडीतल्या एका किड्याच्या शरीरात किती जड धातू साठले आहेत, यावरचा आठल्ये आणि गोखले यांचा निबंध १९९१ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. २००२ च्या नोव्हेंबरात खाड्या, खाडीमुखे आणि तिवरे यांवरचा राष्ट्रीय परिसंवाद ठाण्यातच झाला. ही कामे फाउंटन पेनने आणि साध्या सूक्ष्मदर्शकावर मोठी झालेली माणसे करत आली. चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. कुठल्या साली कुठली मासळी यायची बंद झाली हे तो तोंडपाठ सांगेल. त्याचीही नोंदवही कुणी ठेवलेली नाही. आणि अजून तर साधी हजेरीही पूर्ण नाही. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची (मासे धरणाऱ्या नव्हे, जाळे विणणाऱ्यांच्या जातीच्या) एक प्रजाती विज्ञानाला नव्याने कळली. संशोधकांनी तिला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले: आयसियस तुकारामी. इमारतींच्या गर्दीत इतकी वर्षे ती आपल्या शेजारी राहत होती. आठ-दहा दिवस फिरून 'दुर्मीळ प्रजाती आढळली नाही' असे लिहिणाऱ्या पाहणीवर यानंतर किती विश्वास ठेवायचा?

मी विकासाच्या विरुद्ध नाही. बाळकूम-गायमुखचा खाडीकिनारी रस्ता झाला तर घोडबंदर रस्त्यावर तासन्‌तास अडकणारे माझे नातेवाईक सुटतील, हे मला कळते. माझे मागणे फार लहान आहे. खाडीला, नदीला, रानाला हात लावणाऱ्या कामासाठी निदान एक पुरे वर्ष मोजा, जूनपासून जूनपर्यंत. आणि त्या एका वर्षाच्या मागे उभे राहायला आधीच्या वीस वर्षांच्या नोंदी हव्यात, त्या महाविद्यालयांकडून घ्या. महापालिकांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल मांडावा लागतो. (तारीख बघा, भर पावसाळ्यात!) या अहवालाच्या खर्चातला लहानसा वाटा ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या विज्ञान महाविद्यालयांना दर महिन्याच्या नमुन्यांसाठी कायमचा लावून दिला तर बादली, चाळणी आणि एका विद्यार्थ्याचे जाण्यायेण्याचे भाडे सहज निघेल. विद्यापीठानेही प्रकल्पाचे वर्ष एवढे लवचीक करावे की एका विद्यार्थ्याने जिथे सोडले तिथून दुसऱ्याने उचलावे. आज प्रत्येक जण 'नवा' विषय शोधतो, कारण जुन्याच जागी जुनेच मोजण्याला गुण मिळत नाहीत. ग्रँट पतीपत्नींनी चाळीस वर्षे तेच केले.

कुणी म्हणेल, एवढे मोजून करायचे काय? गाडी तर रोज जातेच आहे पुलावरून. खरे आहे. पण जुलैच्या एखाद्या रात्री पाणी रुळांवर येते, गाडी जात नाही, आणि मग आपण सगळे विचारतो की हे कुणाला आधी कळले कसे नाही.

त्या मुलीचा प्रबंध एप्रिलात दाखल झाला, गुणही बरे मिळाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जिन्यात भेटली, पायात प्लास्टिकचे बूट, हातात तीच बादली. "आता कशाला?" मी विचारले. "आता तर सुरू होतंय, काका," ती म्हणाली, "सात महिने मोजलेत, पाच राहिलेत." आईने वरून हाक मारून छत्री खाली टाकली. ती छत्री तिने मला दिली, कारण खाडीत दोन्ही हात मोकळे लागतात, आणि सकाळची ओहोटी गाठायला स्टेशनकडे पळाली.